पातळ ॲल्युमिनियम घरी जोडायचं: आहे तेच मिग, स्पूल गन की एसी टिग?

शेडमध्ये सिंगल फेजवर चालणारं २०० ॲम्पिअरचं मिग मशीन आहे, म्हणजे रिळावरची तार आपोआप गनमधून पुढे सरकवत वेल्डिंग करणारं. कूलरचे स्टँड आणि गेटं जोडून त्यावर हात बसला आहे. आता समोर ॲल्युमिनियम आलंय: तर्री-पोह्याच्या गाडीचा काउंटर, ई-रिक्षाच्या हौद्याची चेकर्ड प्लेट, नाहीतर खिडकीचं सेक्शन. मशीनचे कॅटलॉग चाळण्याआधी पत्र्याला व्हर्निअर लावा, कारण निर्णय जाडीवरच होतो. ३ मिमी आणि त्यावर साधं मिग चालतं. २ मिमी हा काठ आहे. १.५ मिमीच्या खाली पल्स (करंट ठोक्याठोक्यानं कमी-जास्त करण्याची सोय) नसलेल्या मिगच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण धातूतच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. शिवाय लोखंडाच्या चौपटीहून जास्त वेगानं उष्णता पत्र्यात पसरते. त्यामुळे सांध्याची सुरुवात थंड राहते, तार नुसती वर बसते. पुढे सगळा पत्रा तापला की त्याच सेटिंगवर शेवटच्या दोन इंचांत भोक पडतं. रंग बदलून ॲल्युमिनियम काहीच इशारा देत नाही. लालही होत नाही, एकदम खाली बसतं.

आहे तेच मिग, थोडे भाग बदलून

सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता हाच, म्हणून आधी तो पाहा. टेफ्लॉन लायनर (गनच्या केबलमधली तारेची नळी), यू खाचेचे रोलर, ॲल्युमिनियमच्या तारेसाठीची टिप, १.० मिमी तार आणि शुद्ध आर्गॉन एवढं लागतं. लोखंडाचा सीओटू किंवा आर्गॉन-सीओटू मिश्रण इथे चालत नाही, सांधा काळा आणि भुसभुशीत होतो. गन पॉझिटिव्हला हवी. मशीनवर आधी गॅसविना फ्लक्स कोअर (पोटात पावडर भरलेली) तार चालत असेल तर पोलॅरिटी उलटी असू शकते, आतली पट्टी तपासा.

खरी डोकेदुखी तार ढकलण्याची आहे. ॲल्युमिनियमची तार मऊ असते. टिपेत ती क्षणभर चिकटली की मागचे रोलर ढकलतच राहतात, आणि रोलर व लायनरच्या तोंडामधल्या फटीतून तार बाहेर येऊन तिचा सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता होतो. मग टिप काढा, तार कापा, लायनर रिकामं करा. हे टाळायला ती फट शक्य तितकी कमी ठेवा, लायनर रोलरला जवळजवळ टेकेल इतकं लांब कापा. टिपेवर ॲल्युमिनियमची खूण नसेल तर १.० च्या तारेला १.२ ची टिप लावा, कारण तापल्यावर तार फुगते. गनची केबल ३ मीटरपेक्षा लांब नको आणि काम करताना ती सरळ ठेवा, वेटोळं घालून नाही. रोलरचा दाब ठरवायला गन लाकडी ठोकळ्यापासून थोडी दूर धरून तार त्यावर सोडा: तार अडली की रोलर घसरले पाहिजेत. तार वाकून गुंता व्हायला लागला तर दाब जास्त आहे.

तार ५३५६ या मिश्रधातूची घ्या. त्यात सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असतं, ती कडक असल्यानं साध्या गनमधून नीट ढकलली जाते. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, ती छान पसरते, तडे कमी देते, पण मऊ असल्यानं या मार्गात जास्त अडते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. काम सतत ६५ अंशांच्या वर तापणारं असेल, म्हणजे शेगडीलगतचा पत्रा वगैरे, तर ५३५६ नको. आणि काम नंतर ॲनोडाइझ करायचं असेल तर ४०४३ चा सांधा काळपट दिसतो.

३ मिमीला ११० ते १३० ॲम्पिअरपासून सुरुवात करा. तारेचा वेग लोखंडाच्या जवळपास दुप्पट लागतो. गन १० ते १५ अंश कलवून पुढे ढकलत न्या. ओढत नेली की गॅसचं आवरण मागे राहतं आणि काजळी धरते. हात लोखंडापेक्षा बराच वेगात चालवा.

स्पूल गन

इथे अर्ध्या किलोचं रीळ गनवरच बसतं, तार जेमतेम वीतभर प्रवास करते, त्यामुळे गुंत्याचा प्रश्न जवळपास मिटतो. ०.८ मिमी तार आणि मऊ ४०४३ दोन्ही सुरळीत चालतात. म्हणूनच २ मिमीच्या पत्र्याला आहे त्या मशीनवर हाच पर्याय बरा. पण विकत घेण्याआधी मशीनवर स्पूल गनचं सॉकेट आणि स्विच आहे का ते बघा. पिनांची संख्या मशीनगणिक वेगळी असते, दुसऱ्या कंपनीची गन बसेलच असं नाही.

अर्धा किलो म्हणजे १.० मिमीची साधारण २३५ मीटर तार. मिनिटाला ८ मीटर धरले तर अर्ध्या तासाची वेल्डिंग. छोटी रिळं किलोच्या हिशेबानं महाग पडतात आणि गन जड असते, अडचणीच्या कोपऱ्यात शिरत नाही. महिन्यातून एखाददुसरं काम असेल तर आधी लायनर बदलून पाहा. दर आठवड्याला लांब सांधे असतील तर स्पूल गन पैसे वसूल करते.

एक गोष्ट दोन्ही मिगना लागू आहे: आर्क, म्हणजे विजेची ज्योत, सुरू झाला की तार धातू ओतायला लागते, उष्णता कमी करायला पायाखाली पेडल नसतं. पातळ पत्र्याला मागून तांब्याची जाड पट्टी दाबून लावा, थोडं थोडं अंतर सोडून इंच-दीड इंचाचे टाके मारा, मधे थंड होऊ द्या. सांध्याच्या टोकाला ट्रिगर सोडण्याआधी जरा मागे येऊन खड्डा भरा, नाहीतर तिथूनच तडा जातो.

एसी टिग

टिगमध्ये आर्क टंगस्टनच्या सुईवर पेटतो आणि भरायची तार दुसऱ्या हातानं घालतात. १.२ मिमीचं खिडकीचं सेक्शन, म्हणजे बहुधा ६०६३ मिश्रधातू, टिगवर ४५-५० ॲम्पिअरला जुळतं. ढोबळ हिशेब मिमीला ४० ॲम्पिअर. पेडल असेल तर उष्णता पायाखाली असते आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. आर्गॉन मिनिटाला ७ ते १० लिटर पुरतो, मिगला १० ते १५ लागतो.

मशीनवर एसी आणि डीसी दोन्ही लिहिलेलं असलंच पाहिजे. स्वस्त ‘टिग २००’ बहुतेक फक्त डीसी असतात. लोखंड आणि स्टीलला उत्तम, पण ऑक्साइड फोडणारा एसीचा अर्धा फेरा त्यात नसतो. टिग संथ आहे, दोन्ही हात आणि पाय एकत्र जमायला सराव लागतो, आणि लांब सांध्याला पत्रा जास्त वेळ तापून वेडावाकडा होतो. मोजके, पातळ, दिसायला चांगले हवेत असे सांधे असतील तर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

बाजारात गॅस टॉर्चवर वितळणारे झिंक-ॲल्युमिनियम रॉडही मिळतात. ते डाख देण्याच्या जवळचं काम आहे. छोटं भोक बुजवायला ठीक, वजन किंवा हादरे घेणाऱ्या जागी नको.

नागपूरची हवा आणि वीज

मशीनवरची ड्युटी सायकल बहुधा ४० अंशांच्या हवेला धरून लिहिलेली असते. ३० टक्के म्हणजे १० मिनिटांत ३ मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ मशीनला विश्रांती. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ च्या वर असतो, मशीन त्याआधीच बंद पडणार. पहाटे काम उरका. सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे कूलर: त्याची हवा आर्गॉन उडवते आणि वर ओलावाही आणते. आर्क चालू असेपर्यंत कूलर बंदच हवा. १६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर १२० ॲम्पिअर वेल्डिंग ओढू नका. ३२ ॲम्पिअरची वेगळी लाइन घ्या आणि महावितरणचा मंजूर भार आधी बघा.

जून ते सप्टेंबर तारेचं रीळ मशीनमध्ये उघडं ठेवू नका. सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या तारेतला हायड्रोजन सांध्यात बुडबुडे सोडतो.

सफाईचा क्रम बदलू नये: आधी ॲसिटोननं तेलकटपणा पुसा, ते पूर्ण उडू द्या, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला स्टेनलेस ब्रश. उलटं केलं तर ब्रश तेलच धातूत घोळतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा थेंबही नको, आर्कमध्ये त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. इतवारीतून आणलेल्या पत्र्याचा मिश्रधातू माहीत नसेल तर आधी तुकड्यावर करून बघा. २०२४ आणि ७०७५ हे मिश्रधातू वेल्डला तडकतात. नेमकं जाणून घ्यायचंच असेल तर वाडीच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात रासायनिक विश्लेषण होतं.

मशीन घेण्याआधी विक्रेत्याकडे आपलाच पत्रा न्या. त्याच जाडीचे दोन तुकडे काटकोनात एका बाजूनं जोडायला लावा, शिकंज्यात धरून उभा तुकडा सांध्यावर उलटा ठोका. मुळापर्यंत वितळलेला सांधा आधी वाकतो, मग फाटतो. न वितळलेला खपलीसारखा अख्खा निघून येतो. फाटलेल्या जागी अनारशासारखी जाळी दिसली तर गॅस, ओल किंवा सफाई चुकली आहे, ॲम्पिअर वाढवून ती जाणार नाही.