पोटमाळ्यावरचा शॉवर: पंप काढला, गरम पाण्याचा सिलिंडर ठेवला

लंडनच्या पश्चिम उपनगरात १९३०च्या दशकात बांधलेल्या आमच्या जोडघराच्या पोटमाळ्यावर खोली आणि शॉवर करून घेतल्यावर दोन हिवाळे उलटले. या काळात पाण्याच्या दोन व्यवस्था वापरून झाल्या आणि त्यांतली पहिली मोडीत निघाली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे. खोलीसाठी माळ्यावरची गार पाण्याची टाकी काढावी लागते आणि टाकीबरोबर तिच्या उंचीचा दाबही जातो, एवढे हे काम काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

टाकीच्या जागी कंत्राटदाराने कॉम्बी बॉयलर (पाणी न साठवता, नळ उघडताच तापवणारा) आणि जिन्याखाली, रस्त्यावरून येणाऱ्या नळीवर, एक छोटा पंप सुचवला. हिशेब पटण्यासारखा होता. पाणी कंपन्यांचे प्रमाण घराच्या हद्दीपाशी एक बार दाब आणि मिनिटाला नऊ लिटर पाणी असे आहे. दहा मीटर चढायला एक बार खर्च होतो. आमचा शॉवर सुमारे सहा मीटर उंचीवर आहे, म्हणजे ०.६ बार चढण्यातच संपतो आणि उरलेल्यातून नळ्यांची वळणे व बॉयलर आपला वाटा घेतात. १९९९च्या पाणीजोडणीच्या नियमांनुसार मिनिटाला १२ लिटरपेक्षा जास्त ओढणारा पंप कंपनीच्या संमतीशिवाय थेट मुख्य नळीवर लावता येत नाही, त्यामुळे थेट नळीवर लावायचे घरगुती पंप सहसा त्याच मर्यादेचे असतात. पहिल्या उन्हाळ्यात मी या पंपावर बेहद्द खूश होतो. तेव्हा हा अभिप्राय लिहिला असता तर पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो असतो.

हिवाळ्यात मत बदलले. जानेवारीत नळीतून पाच-सहा अंशांचे पाणी येते. ते चाळीस अंशांवर न्यायचे तर मिनिटाला १२ लिटरसाठी सुमारे ३० किलोवॅट उष्णता लागते, आणि आमच्या बॉयलरची ताकद तेवढीच होती. खालच्या मजल्यावर कोणी आंघोळीला गेले की वरच्या माणसाने साबण लावून थांबायचे, हा घरचा नियमच झाला. त्यात बादली लावून मोजले, तेव्हा पंप बंद असताना स्वयंपाकघरातल्या नळाला मिनिटाला जेमतेम सात लिटर पाणी येत होते. पंप दाब वाढवतो, पण रस्त्यापासून घरापर्यंतची नळीच जुनी, शिशाची आणि अरुंद असेल, तर जे पाणी तिच्यातून येऊच शकत नाही ते पंपाने आणायचे कुठून? रात्री कोणी फ्लश केला की पंप घुर्र करून सुरू व्हायचा आणि तो आवाज लाकडी तुळयांमधून थेट आमच्या उशीपर्यंत पोहोचायचा. पंप शांत असल्याचे माहितीपत्रकात छापणाऱ्याने लाकडी जमिनीच्या घरात एक रात्र काढावी, एवढेच म्हणतो.

दुसऱ्या टप्प्यात रस्त्यापासूनची नळी बदलून २५ मिलिमीटरची प्लास्टिकची घातली, कॉम्बीऐवजी साठवलेले पाणी तापवणारा साधा सिस्टम बॉयलर आणला आणि पहिल्या मजल्यावरच्या कपाटात थेट मुख्य नळीच्या दाबावर चालणारा २१० लिटर गरम पाणी साठवणारा बंद सिलिंडर बसवला. आपल्या हद्दीतली शिशाची नळी आपण बदलली तर रस्त्याकडचा भाग अनेक पाणी कंपन्या विनामूल्य बदलतात; खर्चाचा अंदाज करताना हे आधी विचारावे. आता दोन्ही शॉवर एकाच वेळी चालतात आणि धार कमी होत नाही. पंप काढून विकला. मिळालेली किंमत सांगण्यासारखी नाही.

सिलिंडरचे कौतुक इथे थांबते, कारण टनडिश नावाचे एक छोटे नरसाळे आहे. बंद सिलिंडरमध्ये पाणी तापले की फुगते; २१० लिटर पाणी दहावरून साठ अंशांवर नेले तर सुमारे साडेतीन लिटरची वाढ होते, आणि ती सामावून घ्यायला हवा भरलेले एक पांढरे भांडे बाजूला असते. त्या भांड्यातली हवा गेली की वाढलेले पाणी सुरक्षा झडपेतून बाहेर पडते आणि टनडिशच्या उघड्या खाचेतून ठिबकताना दिसते. आमच्याकडे वर्षाच्या आतच हे सुरू झाले. ज्याने सिलिंडर बसवला त्याने फोनवर "थोडे ठिबकणारच" असे सांगून टाळले. नुसते ठिबकणे चालणार नाही, हे मी पुस्तिकेतले पान दाखवून सिद्ध केल्यावर तो आला, मोटारीच्या चाकात हवा भरायच्या पायपंपाने त्या भांड्यात हवा भरली, पंधरा मिनिटांत निघाला आणि १२० पौंडांचे बिल पाठवले. इमारत नियमांच्या जी-३ कलमाखाली असा सिलिंडर बसवणे पात्रताधारकाचेच काम आहे आणि वार्षिक तपासणी चुकली तर हमी जाते, त्यामुळे घरचा पायपंप हाती असूनही गप्प बसावे लागते. माझ्या मते हवेचा दाब तपासणे वार्षिक तपासणीच्या शुल्कातच असायला हवे, आणि कराराच्या कागदावर तसे लिहून घेतल्याशिवाय कोणालाही काम देऊ नये.

गरम राहण्याच्या बाबतीत फारशी तक्रार नाही. माळ्यावरचे दोन रेडिएटर आधी वरच्या भागात थंडच राहायचे आणि गुळगुळ आवाज करायचे. बॉयलर तळमजल्यावर असल्याने थंड स्थितीतला दाब एक बारवरून दीड बारवर नेला आणि अडकलेली हवा सोडली, तेव्हा ते ताळ्यावर आले. माळ्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट व झडप घेणे मात्र अगत्याचे आहे, कारण खालच्या दिवाणखान्यातल्या एकाच थर्मोस्टॅटवर सगळे घर सोपवले की खाली ऊब आल्याबरोबर बॉयलर बंद पडतो आणि वर छपराखाली कुडकुडावे लागते. शॉवरमधला टॉवेल तापवायचा रेडिएटर त्याच जोडणीवर असल्यामुळे उन्हाळ्यात निरुपयोगी ठरतो. त्यात विजेची कांडी बसवून देतो असे प्लंबर दर भेटीत म्हणतो आणि दर भेटीत किंमत वाढवून सांगतो. मी मागच्या अंगणात दोरी बांधली आहे.