स्टुडिओबाहेरचे पोर्ट्रेट : पार्श्वभूमी, कोन आणि पोझ यांच्या पर्यायांचा तुलनात्मक आढावा

मॉडेलचे पोर्ट्रेट स्टुडिओबाहेर, नैसर्गिक प्रकाशात टिपायचे ठरले की तयारीची सुरुवात बहुधा पोझपासून होते. आवडलेल्या पोझ मोबाइलमध्ये साठवल्या जातात, मॉडेलला दाखवल्या जातात आणि जागेवर पोहोचल्यावर त्या तिथे कशाबशा बसवण्याची खटपट सुरू होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पोझ दर मिनिटाला बदलता येते, पण जागेची ठेवण आणि सूर्याची दिशा आपल्याला बदलता येत नाही. पार्श्वभूमी ठरली की प्रकाश कोणीकडून येणार हे ठरते. प्रकाश ठरला की मॉडेलने तोंड कोणीकडे करायचे आणि छायाचित्रकाराला मागे सरकायला जागा किती उरते हे ठरते. आणि त्या चौकटीत जी पोझ बसते तीच चांगली दिसते. म्हणून पुढे ज्या पर्यायांची तुलना केली आहे, त्यांतला प्रत्येक पर्याय आपल्यासोबत दुसरे एक-दोन पर्याय घेऊन येतो, हे लक्षात ठेवून निवड करावी.

त्याआधी छायाचित्र कशासाठी हवे आहे, याचे उत्तर स्वतःपाशी स्पष्ट असले पाहिजे. मॉडेलचा चेहरा आणि बांधा नीट कळावा, कपड्यांची शिवण आणि पोत दिसावा, की एखादे वातावरण उभे राहावे, या तीन हेतूंना तीन वेगळ्या जागा लागतात. एकाच छायाचित्रात तिन्ही साधण्याचा आग्रह धरला की सहसा एकही धड साधत नाही.

सपाट भिंत की खोल पार्श्वभूमी

सपाट, एकरंगी भिंतीसमोर मॉडेलची बाह्यरेषा स्वच्छ उठून दिसते. पाहणाऱ्याच्या नजरेला भटकायला जागाच नसल्यामुळे चेहरा, हात आणि कपड्यांची घडी यांवरच लक्ष राहते. याच कारणासाठी छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात लोकांची पोर्ट्रेट टिपताना उघड्यावर, सावलीत पांढरा कागद लावला होता. आजूबाजूचा सगळा प्रदेश त्यांनी चौकटीबाहेर ठेवला आणि माणूस तेवढा आत घेतला. मात्र भिंत पोझवर फार मोठा भार टाकते. कोपर चुकीच्या ठिकाणी वाकला, बोटे ताठरली किंवा खांदे कानांकडे चढले, तर ते झाकायला मागे काहीच नसते. शिवाय रंगीत भिंत आपला रंग त्वचेवर टाकते. लाल किंवा हिरव्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मॉडेलच्या गालाची भिंतीकडची बाजू त्या रंगाची दिसते आणि ती नंतर दुरुस्त करणे जिकिरीचे असते. पांढरट, राखाडी किंवा मातकट भिंत त्या मानाने सुरक्षित.

खोल पार्श्वभूमी म्हणजे मागे लांबवर गेलेली वाट, झाडांची रांग, मोकळे मैदान. ती धूसर करून चेहरा वेगळा काढता येतो, आणि वातावरणही हाती लागते. इथे बहुतेकांचा भर महागड्या लेन्सवर असतो; परंतु धूसरपणा लेन्सइतकाच, किंबहुना अनेकदा लेन्सपेक्षा जास्त, मॉडेल आणि पार्श्वभूमी यांमधल्या अंतरावर ठरतो. एक हिशेब मांडून पाहू. ८५ मिमी नाभीय अंतराची लेन्स एफ/१.८ वर ठेवली की तिचे छिद्र सुमारे ४७ मिमी व्यासाचे होते (नाभीय अंतराला एफपुढच्या आकड्याने भागले की व्यास मिळतो, म्हणजे आकडा लहान तितके छिद्र मोठे). मॉडेल अडीच मीटरवर आणि मागची झुडपे मॉडेलपासून फक्त अर्ध्या मीटरवर असतील, तर मागचा प्रत्येक बिंदू चेहऱ्याच्या मापात जेमतेम ८ मिमी पसरतो. चेहरा साधारण १४ सेंटिमीटर रुंद धरला, तर एवढ्या पसरण्याने पाने आणि फांद्या मुळीच विरघळत नाहीत. हीच झुडपे मॉडेलच्या मागे १० मीटरवर गेली की प्रत्येक बिंदू ३८ मिमी पसरतो आणि पाने एकमेकांत मिसळून रंगाचा पडदा तयार होतो. आता छिद्र एफ/४ पर्यंत लहान केले तरी १० मीटरवरची झुडपे सुमारे १७ मिमी पसरतात, म्हणजे अर्ध्या मीटरवरच्या झुडपांच्या दुप्पट. ज्यांच्याकडे एफ/१.८ ची लेन्स नाही त्यांनी खंत करू नये. मॉडेलला पार्श्वभूमीपासून पुढे आणावे, एवढ्याने मोठा फरक पडतो.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. अडीच मीटरवर ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ ला फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर पुढून मागे फक्त ९ सेंटिमीटरच्या आसपास खोली स्पष्ट दाखवते; एफ/४ ला ती २० सेंटिमीटरच्या घरात जाते. चेहरा तिरका असेल तेव्हा एफ/१.८ ला जवळचा डोळा स्पष्ट आणि कान, केस, खांदा पुसट असे चित्र मिळते. काहींना ते आवडते. पण कपडे दाखवायचे असतील किंवा मॉडेल हलणार असेल, तर एफ/४ आणि दूरची पार्श्वभूमी ही जोडी मला अधिक भरवशाची वाटते.

खोल पार्श्वभूमीचा त्रास वेगळा असतो. पानांमधून दिसणारे आकाशाचे पांढरे ठिपके नजर खेचून घेतात, डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसतो, क्षितिजाची रेषा मानेतून आरपार जाते. या तिन्हींवर उपाय साधा आहे: कॅमेरा एक पाऊल बाजूला किंवा वीतभर वर-खाली न्यावा. मात्र शटर दाबण्यापूर्वी चेहरा सोडून चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवण्याची सवय लावून घ्यावी लागते. काळे केस आणि मागे गर्द सावली असेल तर केसांची कड हरवते. अशा जागी मागून येणारा प्रकाश असल्याशिवाय उभे राहू नये.

मोकळी सावली की पाठीमागचा सूर्य

मोकळी सावली म्हणजे डोक्यावर थेट ऊन नाही, पण समोर उघडे आकाश आहे अशी जागा: इमारतीची सावलीची बाजू, कमानीचे तोंड, छपराची कड. या जागेत सगळी गंमत कडेपाशी असते. मॉडेलला सावलीच्या खोल भागात उभे केले तर प्रकाश मंद आणि दिशाहीन होतो. तिथून उन्हाच्या रेषेकडे एकेक पाऊल पुढे आणत डोळ्यांकडे पाहत राहावे. रेषेपासून हातभर आत असताना डोळ्यांत समोरच्या आकाशाचे उजळ प्रतिबिंब उमटते, डोळ्यांखालचा काळेपणा हलका होतो आणि गालाला अलगद वळण मिळते. आणखी अर्धे पाऊल पुढे गेले की नाकाच्या शेंड्यावर ऊन पडते आणि सगळे बिघडते. ती जागा सापडली की मॉडेलला तिथेच ठेवावे आणि आपण फिरावे.

झाडाखालची सावली याच नावाने ओळखली जात असली तरी तिचे गुण वेगळे आहेत. तिथे प्रकाश वरून आणि पानांतून गाळून येतो, डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात, त्वचेवर हिरवट छटा चढते आणि चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे पडतात. पर्याय असेल तर मी झाडाखालपेक्षा भिंतीची सावली निवडेन. सावलीतला प्रकाश निळसर असतो, बहुधा ७००० केल्विनच्या पुढे (हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका प्रकाश निळसर), म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार चित्राचे रंग सावरणारी कॅमेऱ्याची सोय, सावलीच्या सेटिंगवर ठेवलेला बरा. नाहीतर त्वचा फिकी आणि थंड दिसते.

मावळतीकडे झुकलेला सूर्य पाठीमागे घेतला की केसांना आणि खांद्यांना सोनेरी कड मिळते, गर्द पार्श्वभूमीतूनही बाह्यरेषा सुटून येते आणि मॉडेलला डोळे बारीक करावे लागत नाहीत. वातावरणासाठी याला तोड नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. चेहरा सावलीत असल्यामुळे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) चेहऱ्यावर बेतून ठेवले तर मागचे आकाश पांढरे फटक पडते, आणि आकाशावर ठेवले तर चेहरा काळा होतो. हा फरक भरून काढायला रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश चेहऱ्यावर परतवणारा फलक, लागतो आणि तो धरायला बहुधा आणखी एक माणूस. ऊन थेट लेन्सवर आले की चित्रातला काळा रंग राखाडी होतो आणि ऑटोफोकस चाचपडू लागतो. लेन्सच्या तोंडाला हुड (ऊन अडवणारी कड) लावून किंवा सूर्य मॉडेलच्या डोक्याआड अथवा झाडाच्या बुंध्याआड लपवून हे टाळता येते. शिवाय वेळ थोडा असतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत तो जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने हा काळ आणखी आखूड होतो. त्यामुळे चेहरा आणि कपडे यांचे महत्त्वाचे काम आधी सावलीत उरकून मग सूर्य पाठीशी घ्यावा.

भर दुपारचे ऊन मी तिसरा पर्याय म्हणून मोजत नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला अशा उन्हात शटर साधारण १/१२५ सेकंद येते. तेच एफ/२ वर आणायचे तर सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणून शटरची वेळ निम्मी), म्हणजे १/८००० सेकंद, आणि कित्येक कॅमेऱ्यांचे शटर तिथवर पोहोचत नाही. प्रकाश कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावून ते जमवले तरी भुवयांखालची काळी सावली तशीच राहते. कठोर सावल्यांची भौमितिक रचना हाच हेतू असेल तरच दुपार निवडावी. ढगाळ दिवस मात्र फुकट मिळालेला मोठा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओत प्रकाश मऊ करणारी पेटी) समजावा. फक्त चौकटीत आकाश घेऊ नये.

कॅमेऱ्याचे अंतर आणि उंची

लेन्स बदलल्याने चेहरा बदलतो असे म्हटले जाते, पण चेहरा बदलतो तो अंतराने. ३५ मिमीने १ मीटरवरून आणि ८५ मिमीने अडीच मीटरवरून जवळपास तेवढीच कंबरेपर्यंतची चौकट मिळते. नाकाचा शेंडा कानापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असतो. १ मीटरवरून पाहिल्यास नाक कानाच्या मानाने १२ टक्क्यांनी मोठे दिसते, अडीच मीटरवरून ५ टक्क्यांहूनही कमी. जवळून घेतलेल्या चित्रात एक सलगी असते हे खरे, पण नाक, कपाळ आणि कॅमेऱ्याकडे आलेला हात मोठा होतो.

पार्श्वभूमीच्या दृष्टीने फरक याहून मोठा आहे. मॉडेलच्या मागे १० मीटरवरची झाडे उभ्या चौकटीत ३५ मिमीने सुमारे साडेसात मीटर रुंदीची दिसतात, ८५ मिमीने साडेतीन मीटरची. जागा देखणी असेल तर ३५ मिमी ती दाखवते. जागेत दिव्याचे खांब, वाहने आणि ये-जा असेल तर ८५ मिमीमुळे निम्म्याहून कमी पट्टा सांभाळावा लागतो. पहिल्यांदाच निवड करणाऱ्याला मी ८५ मिमी किंवा लहान सेन्सरवर त्याच्या जवळपासची लेन्स सुचवेन. १३५ मिमीने पार्श्वभूमी आणखी आवरते, पण पूर्ण उंचीच्या चित्रासाठी ८ मीटर मागे जावे लागते आणि तिथून मॉडेलशी बोलायचे म्हणजे ओरडावे लागते. बोलणे तुटले की चेहरा बंद होतो. हे नुकसान कोणत्याही धूसरपणाने भरून येत नाही.

उंचीबाबत थोडक्यात सांगता येईल. जवळच्या चित्रात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि पूर्ण उंचीच्या चित्रात कंबरेच्या पातळीवर ठेवला की शरीराची प्रमाणे खरी राहतात. त्याहून खाली गेल्यास पाय लांब दिसतात आणि पार्श्वभूमीत आकाश येते, पण हनुवटीखालचा भाग आणि नाकपुड्या पुढे येतात. वरून घेतल्यास डोळे मोठे दिसतात, पाय आखूड होतात आणि मागे फक्त जमीन उरते. आजूबाजूचे सगळेच नकोसे असेल तेव्हा हा कोन उपयोगी पडतो.

स्थिर पोझ की हालचाल

१९३३ मध्ये छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांनी समुद्रकिनाऱ्यावर मॉडेलला कॅमेऱ्याच्या दिशेने धावायला लावले आणि ते छायाचित्र ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकात छापून आले. तोवर फॅशनची छायाचित्रे बहुतांशी स्टुडिओत, मॉडेलला स्तब्ध ठेवून घेतली जात. तेव्हापासून हे दोन्ही मार्ग सोबतीने चालत आले आहेत.

स्थिर पोझमध्ये नियंत्रण जास्त असते. वजन मागच्या पायावर टाकले की कंबर एका बाजूला आणि खांदे दुसऱ्या बाजूला झुकतात; प्राचीन शिल्पांतला त्रिभंग याच तत्त्वावर उभा आहे. हनुवटी किंचित पुढे आणि खाली घेतली की जबड्याची रेषा स्पष्ट होते. कोपर आणि कंबर यांच्यात फट ठेवल्यास मागची भिंत दिसते आणि कंबर कंबर म्हणून वाचली जाते. हाताचा पंजा पुरता समोर न दाखवता कडेने दाखवला तर तो चेहऱ्याशी स्पर्धा करत नाही. तिरक्या चेहऱ्यात नाकाने पलीकडच्या गालाची रेषा ओलांडू नये, आणि चौकट मनगट, कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांवर कापू नये. हे सगळे मॉडेलला हात लावून नव्हे, स्वतः करून दाखवून सांगावे. त्याने सूचना लवकर कळते आणि समोरच्या व्यक्तीचा मानही राहतो.

हालचालीत कपड्याचा झोळ आणि केसांचा वेग खरा दिसतो, चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पण चालण्यासाठी १/५०० आणि धावण्यासाठी १/१००० सेकंदाच्या आसपास शटर, सतत मागोवा घेणारा फोकस आणि बरीच फुकट जाणारी छायाचित्रे यांची तयारी हवी. मुख्य म्हणजे प्रकाश दहा-बारा पावलांपर्यंत सारखा हवा. सावलीच्या कडेची हातभर जागा यासाठी निरुपयोगी आहे. तिथे स्थिर पोझच चालते. उलट मोकळे मैदान आणि ढगाळ आकाश किंवा पाठीशी उतरता सूर्य असेल तर तिथे मॉडेलला पुतळ्यासारखे उभे करणे म्हणजे जागा वाया घालवणे होय.

कॅमेऱ्यासमोर नव्याने उभ्या राहणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत मी एक मधला मार्ग पसंत करतो. तिला किंवा त्याला आठ-दहा पावले सहज चालत येऊन ठरलेल्या जागी थांबायला सांगावे. थांबल्यावर क्षणभर शरीराचे वजन आपोआप एका पायावर असते, खांदे सैल असतात आणि श्वास नुकताच सुटलेला असतो. अशा वेळी पायांबद्दल काहीही न बोलता फक्त हनुवटी आणि हात यांपुरती सूचना द्यावी, दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत आणि शरीर ताठरू लागले की पुन्हा चालत यायला सांगावे.