ग्लुटामिन की एनएसी?
पेनकिलर आणि दारूने पोटाच्या अस्तराची वाट लागते म्हणून एकाने विचारलं, ग्लुटामिन आणि एनएसी (एन-ॲसिटिलसिस्टीन) या दोन सप्लिमेंटपैकी काय घेऊ. डब्यावरचे दावे सोडा, अस्तर जपण्याबाबत दोन्हीचा पुरावा मुख्यतः उंदरांवरचाच आहे. ग्लुटामिन म्हणजे आतड्याच्या पेशींचं इंधन, पावडर जवळपास बेचव, पाण्यात ढवळून लगेच प्यायची, भिजवून ठेवली की हळूहळू खराब होते. एनएसी ग्लुटाथायोन (शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) वाढवतं, पॅरासिटामॉलच्या विषबाधेत लिव्हर वाचवायला डॉक्टर तेच देतात, पण वास सडक्या अंड्यासारखा, वर मळमळ, आणि ते म्युकस म्हणजे चिकट श्लेष्मा पातळ करतं, पोटाला तर तोच थर हवा असतो ना! नुसतं अस्तर जपायचं तर ग्लुटामिन बरं, लिव्हरचा आजार असेल तर नको. एनएसी डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि ॲसिडबिसिड गिळलं असेल तर दोन्ही नाही, सरळ हॉस्पिटल.