मार्वे-मनोरी फेरी बोट: तिथी बघून निघा

मालाड स्टेशनच्या पश्चिमेहून २७२ नंबरची बेस्ट पकडायची, मार्वेला उतरायचं, जेट्टी गाठायची. तिथून दहा-पंधरा मिनिटांत मनोरी. रस्त्यानं जायचं तर भाईंदर-उत्तनचा भला मोठा वळसा. त्यामुळे मनोरीच्या कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती) वस्त्यांसाठी ही बोट म्हणजे रोजची बस. मासळीच्या पाट्या, दप्तरं, मोटारसायकली, सगळं तिच्यातूनच जातं. सेवा चांगलीच आहे, पण तिचं सगळं गणित पाण्यावर.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे पुरती ओहोटी. म्हणजे पौर्णिमा रविवारी आली तर संध्याकाळी सहाला, ऐन परतीच्या गर्दीत, पाणी तळाला. त्यातून ते उधाणाचं पाणी. जितकं चढतं तितकंच खोल उतरतं. एरवी बुडालेला शेवाळी उतार उघडा पडतो आणि घसरून पडणारे तिथेच पडतात. चपलेपेक्षा पट्ट्याची सँडल बरी.

आमचं मत विचाराल तर अष्टमी-नवमी धरा. सकाळ-संध्याकाळ भरती मिळते. दुपारी ओहोटी असते खरी, पण या तिथींचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी फारसं उतरत नाही.

मोटारसायकल नेणार असाल तर मागच्याला आधी उतरवा. ओल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबू नका, चाक जागच्या जागी घसरतं. बोटीत इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि हात हँडलवर; नुसत्या स्टँडच्या भरवशावर सोडू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन चेनला तेल द्या, खारं पाणी चेन खातं.

बोट मध्येच मंदावली तर घाबरू नका. खाडीतलं प्लास्टिक किंवा जुनं जाळं पंख्याला गुंडाळलं जातं, ते काढेपर्यंत थांबावं लागतं. पावसाळ्यात मात्र बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर निघूच नका.

मनोरीत सुके बोंबील घ्या. वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या दोरीवर, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले दिसतील. घेताना एक वाकवून बघा: कट्कन मोडला तर नीट वाळलाय, नुसता वाकला तर आत ओल आहे, पंधरवड्यात बुरशी धरेल. नाकात झोंबणारा वास आला तर ठेवून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून वर्षाची बेगमी मे महिन्यातच करा. कागदात गुंडाळून वर घट्ट झाकणाचा डबा हवाच. परतीच्या बसमध्ये शेजारी माणसं बसलेली असतात.