वकिलाविरुद्ध दाद: बार कौन्सिल की दिवाणी न्यायालय?

कोथरूडच्या एका बाईंचा शिवाजीनगर न्यायालयातील दावा वकील तारखांना हजर न राहिल्याने काढून टाकला गेला, शिवाय थकलेल्या फीचे कारण देऊन कागदपत्रेही अडवली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने ग्राहक आयोगाचे दार बंद झाल्यामुळे आता कुठे जावे, या पेचात त्या आहेत. (दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज मात्र ३० दिवसांत करावा लागतो, ते आधी.)

खर्चात बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, हलकी. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेनुसार न्यायालय शुल्क भरावे लागते. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तभंग समितीने वर्षभरात निकाल दिला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते; दिवाणी दाव्याला अशी मुदत नाही.

खरा फरक फळात आहे. समिती ताकीद देते, निलंबित करते, सनदही काढून घेते. पण नुकसानभरपाई देत नाही. ती दिवाणी न्यायालयातच मिळते आणि त्यासाठी निष्काळजीपणाबरोबरच, वकील हजर असता तर मूळ दावा टिकला असता, हेही सिद्ध करावे लागते, जे फार कठीण आहे.

फीसाठी कागदपत्रे अडवणे हे गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच ठरवले आहे. तेवढ्यासाठी बार कौन्सिल योग्य. मोठे आर्थिक नुकसान कागदोपत्री दाखवता येत असेल, तर दिवाणी दावा करावा. दोन्ही एकाच वेळी चालवण्यासही आडकाठी नाही.