ट्रान्समला शेवटी प्लायच घातला: एका सीझननंतरचा अनुभव

मेअखेरीस होडी वर काढली, मशीन उतरवलं आणि बाकी काही बघायच्या आधी ट्रान्समच्या, म्हणजे मशीन टांगतात त्या होडीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, तळाशी, पाणी काढायच्या बुचाच्या भोकालगत सुरीचं टोक टोचून पाहिलं. टणक. अख्खा सीझन देवबागच्या खाडीत पर्यटक फिरवले, मागे सत्तर-पंचाहत्तर किलोचं चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन लटकलेलं, कर्लीच्या मुखाशी लाटांचे दणके, तरी टणक.

दिवाळीनंतर ट्रान्सम उघडला तेव्हा येणारा-जाणारा एकच विचारायचा: कोअर (आतला गाभा) कुठला घालताय? भोकांचं काय करताय, हे कुणाच्या तोंडून आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

जुना ट्रान्सम आतून कापला, बाहेरचं फायबर शाबूत ठेवलं. आतला प्लाय वरच्या अर्ध्या भागात ठणठणीत, आणि बुचाभोवती काळा, ओल्या बिस्किटासारखा. दुसरा काळा डाग फिशफाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरच्या दोन स्क्रूंखाली. मधे सगळं कोरडं. आमचा फायबरवाला मुलगा वाकून बघत म्हणाला, "काकानू, प्लाय आपणहून कुजूक नाय. भोकान कुजयल्यान."

एवढं दिसत असूनही मला नवा बोर्डच हवा होता. पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये काचेचे धागे घातलेला, लाकडाचा अंशही नसलेला. लाकूडच नाही तर सडेल काय? किंमत प्लायच्या कित्येक पट, पण पुन्हा उघडायचं काम नको म्हणून मन घट्ट करून मुंबईहून पाऊण इंची शीट मागवली.

हा बोर्ड घनतेप्रमाणे मिळतो. ट्रान्समला वापरतात तो घनफुटाला २६ पौंडांचा, म्हणजे घनमीटरला साधारण ४१६ किलो. पाऊण इंच जाडीचा एक चौरस फूट तुकडा म्हणजे घनफुटाचा सोळावा भाग, तेव्हा वजन पाऊण किलोच्या जवळ यायला हवं. तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. चारशे ग्रॅमच्या किंचित पुढे जाऊन काटा थांबला. पुन्हा ठेवला, तेच. हा जमिनीला किंवा झाकणांना वापरायचा हलका बोर्ड. ट्रान्समला घालून मशीनचे बोल्ट आवळले की वॉशरखाली दबणार, बोल्ट ढिला पडणार, आणि मग पाणी आत जायला वाट तयार. विक्रेत्याला फोन केला. "सर, सगळे हाच नेतात." परत घ्या म्हटलं, तर "कापलेला माल परत होत नाही." न कापता तोलायचा कसा, मासळी लिलावाचा मोठा काटा घरी आणून? त्यानंतर फोन उचलणंच बंद. बिलावर घनतेचा आकडा लिहून घेतल्याशिवाय असल्या बोर्डाचे पैसे देऊ नका.

मग प्लाय. इथेही दुकानदार "मरीनच आहे" म्हणत शीट काढतो आणि शिक्का असतो आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायच्या भारतीय मानकाचा. हवा आयएस ७१०, मरीन प्लायचा. या मानकात प्लायचा डिंक ७२ तास उकळून तपासतात. मी एक पट्टी दिवसभर अंगणातल्या चुलीवर उकळली, थर सुटले नाहीत. मात्र उकळण्याने परीक्षा होते ती डिंकाची. आत पाणी मुरून राहिलं तर लाकूड कुजायचं ते कुजतंच. १८ मिलिमीटरच्या दोन शीट एकमेकींना चिकटवून ३६ मिलिमीटरचा गाभा केला. त्यावर दोन्हीकडून फायबर चढतं, तेव्हा मशीनच्या क्लॅम्पचा जबडा किती उघडतो ते आधीच मोजून घ्या.

सागाची अखंड फळी घाला असं शेजाऱ्यांनी सुचवलं. सागात तेल असतं, फायबर चिकटवणारं रेझिन नीट धरत नाही, आणि जाड फळी ऋतूप्रमाणे फुगते-आक्रसते. ओतायचा तयार गाभाही परदेशात मिळतो. तो इथवर आणण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

फायबरवाल्या मुलाचा आग्रह पॉलिएस्टर रेझिनचा, स्वस्त आणि हातात बसलेलं म्हणून. मी एपॉक्सीवर अडून बसलो. लाकडाला पॉलिएस्टर तितकंसं धरत नाही, कालांतराने सुटतं. एपॉक्सीचे पैसे जास्त गेले, पण त्याचं वाईट वाटत नाही. काचेच्या तुकड्यांच्या नेहमीच्या मॅटमधला डिंक मात्र एपॉक्सीत नीट विरघळत नाही, म्हणून शिवलेलं काचेचं कापड वापरलं. वरून जेलकोटऐवजी (फायबरवरचा नेहमीचा रंगीत रेझिनचा थर) पीयू पेंट.

आता भोकं. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी २० मिलिमीटरचं भोक पाडलं. आतून कच्चं एपॉक्सी फिरवून लाकडाला पिऊ दिलं, मग सिलिका घातलेलं घट्ट एपॉक्सी ठासून भरलं. पुरतं कडक झाल्यावर त्याच्या मधोमध १२ चं भोक. बोल्टला प्लायचा स्पर्शच नाही. बुचासाठीही तसंच, फक्त पितळी नळीऐवजी फायबरची नळी एपॉक्सीतच बसवली. जुनी पितळी नळी हिरवी पडून कडेने सैल झाली होती, आणि पाण्याने तिथूनच वाट काढली होती. सेन्सर आता स्क्रूने नाही, वेगळ्या डकवलेल्या छोट्या ठोकळ्यावर आहे. या कामात मुलाचे दोन दिवस जास्त गेले. "एवढ्या येळात दुसरी होडी झाली असती," असं तो पुटपुटला. पुटपुटू दे. त्या दोन दिवसांचे पैसे मी एक शब्द न काढता दिले, आणि मी पैसे कसे देतो ते गावाला माहीत आहे.

आता थोडं मत बदलावं लागतंय. त्या हलक्या बोर्डाला मी महिनाभर शिव्या घातल्या, पण फुकट कशाला घालवा म्हणून त्याचा मागचा फ्लोअर केला. सीझनभर मिठाचं पाणी, ओले पाय, स्कूबाच्या हवेच्या टाक्या वर आदळल्या, तरी जागचा हललेला नाही आणि वजनाला प्लायच्या निम्म्याहून कमी. कापताना काचेची धूळ उडते, अंगाला आठवडाभर खाज, तेवढं सोसावं लागतं. योग्य घनतेची शीट आली असती तर ट्रान्समलाही तोच घातला असता का? घातला असता. बोल्टची भोकं तेव्हाही अशीच भरून घेतली असती.

एक शंका मात्र राहिली आहे. ट्रान्समची वरची कड, जिथे मशीनचा क्लॅम्प बसतो, तिथे पेंट घासून फायबर दिसायला लागलंय. गणपतीआधी तिथे ॲल्युमिनियमची पट्टी डकवून घेणार आहे, स्क्रू न मारता. उरलेला बोर्ड पडवीत आहे. कुणाला लॉकरच्या झाकणाला हवा असेल तर भाव बोलू, पण येताना काटा घेऊन या.