चेपस्टोचा किल्ला: दार मागून बघा

आयटीआयमध्ये २८ वर्षं सुतारकाम शिकवलं. त्यामुळे कुठेही गेलो तरी मला आधी दार दिसतं, इमारत नंतर. लेक ब्रिस्टलला असते. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा म्हणाली, "बाबा, लंडन राहू दे. चेपस्टोला चला, तिथे तुमच्या कामाची वस्तू आहे." सेव्हर्न नदीवरचा मोठा पूल ओलांडला की वेल्स लागतं आणि चेपस्टो तिथून अगदी जवळ. गाडी थेट किल्ल्याच्या पायथ्याशी लागते.

वस्तू म्हणजे किल्ल्याच्या मुख्य वेशीचं दार. युरोपातलं सर्वांत जुनं किल्ल्याचं दार म्हणून ते दाखवतात. १९६२ पर्यंत ते वेशीवरच होतं, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे वर्षं वेल्सचा पाऊस खात. आता दोन्ही फळ्या आत, प्रदर्शनाच्या दालनात ठेवल्या आहेत.

लोक समोरून बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. समोरून दिसतो तो सगळा लोखंडी पत्रा. लाकडाला आग लागू नये आणि घाव बसला तरी फळी फुटू नये म्हणून मढवलेला. आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे आहेत. इथे हत्ती कुठला यायला, इथे धास्ती आगीची आणि कुऱ्हाडीची. शत्रू जसा, तसं दार.

खरं काम मागे आहे. फळ्यांच्या पाठीला उभ्याआडव्या लाकडांची जाळी आहे आणि ती कुसू-खाचेच्या जोडाने, म्हणजे एका लाकडाचं तासलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून, बांधली आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हाच जोड शिकवायचो. निम्म्यांचं कुसू ढिलं व्हायचं, मग ते गुपचूप भुसा आणि फेविकॉल भरायचे. या माणसाकडे फेविकॉल नव्हता. शिवाय ओक म्हणजे काही सागवान नव्हे. चिवट, आणि लोखंड लागलं की काळं पडणारं लाकूड. मी वाकून बघत राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, पाऊण तास झाला, अजून अख्खा किल्ला राहिलाय."

दाराचं वय ठरवलं तेही लाकडावरूनच. चांगल्या वर्षी झाडाची वाढ जास्त, वलय रुंद. वाईट वर्षी बारीक. या रुंद-बारीक वलयांची ओळ आधी वर्षं लावून ठेवलेल्या लाकडांशी ताडून बघतात. त्यातून कळलं की दार ११९०च्या दशकानंतरचं नाही. मग वेशीच्या जोडबुरुजांचं वयही मागे सरकलं, कारण तोवर ते तेराव्या शतकातले समजत होते. आता ते विल्यम मार्शल या सरदाराच्या काळातले धरतात. ११८९ मध्ये लग्न झालं आणि बायकोकडून हा किल्ला त्याच्याकडे आला. दगडाचं वय लाकडाने सांगावं, याचा सुतार म्हणून मला फार आनंद झाला.

बाकी किल्ला वाय नदीच्या कड्यावर आहे, चिंचोळा आणि लांबलचक. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं म्हणजे चढच चढ. गुडघे दुखत असतील तर दार आधी बघून घ्या. सर्वांत जुना भाग म्हणजे मधला मोठा मनोरा. त्याच्या भिंतीत नारिंगी विटांचा पट्टा दिसतो, त्या रोमन काळातल्या उचलून आणून लावलेल्या. मनोऱ्याच्या दारावरचं कोरीवकाम चुकवू नका. राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणारा हेन्री मार्टेन ज्या बुरुजात कैदेत होता, तोही आहे. मी खालूनच बघितला.

किल्ल्यातून निघालात की गावातल्या सेंट मेरी चर्चकडे पाच मिनिटं जा. पश्चिमेचं नॉर्मन द्वार कमानीत कमान असं आत आत जातं आणि कमानींवर नागमोडी नक्षी आहे. मार्टेनला पुरलं ते याच चर्चमध्ये. इथे दगडकाम अव्वल. लाकडासाठी मात्र किल्लाच.

जवळच एका ठिकाणी चहा घेतला. पाणचट होता, त्याबद्दल काही लिहीत नाही.

प्रॅक्टिकलला मी कुणाला ८५ च्या वर गुण दिले नाहीत. या दाराला ९६ दिले. चार कापले ते माझ्या सवयीने.

मागच्या बाजूचा फोटो जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात एकाचा मेसेज आला, "सर, पॉलिश कुठलं मारलंय?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.